शिडाच्या बोटीवर राहणारे लोक घरच्या लग्नाला येतात तेव्हा बोटीचं काय करतात? नांगर टाकून, कुलूप लावून येतात का?

कुलूप लावून बाजारात जाता येतं, लग्नाला नाही. वारा फिरला की नांगर घसरू शकतो, आणि तेव्हा इंजिन चालू करायला बोटीवर माणूस लागतो. त्यामुळे बोट आधी मरिनात, म्हणजे अशा बोटी बांधून ठेवायच्या धक्क्यावर, आणून बांधायची.

आम्ही नवराबायको सध्या मलेशियातल्या लंकावी बेटाजवळ असतो. विषुववृत्तापासून जेमतेम ६ अंश उत्तरेला, त्यामुळे चक्रीवादळं इकडे सहसा फिरकत नाहीत. बोट ठेवून घरी जाणाऱ्यांची म्हणूनच इथे कायम वर्दळ. भाचीचं लग्न मे महिन्यात, सांगलीला. ताईचा फोन आला तेव्हाच ठरवलं, मुहूर्त गाठायला म्हणून समुद्रात घाई करायची नाही. बोट बरीच आधी आणून बांधली. विमान चुकेल म्हणून नको त्या हवेत निघणं हा माझ्या मते या आयुष्यातला सगळ्यात मोठा धोका आहे.

मे म्हणजे इथे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांची सुरुवात. मलाक्काच्या सामुद्रधुनीत रात्री-पहाटे अचानक सोसाट्याचा वारा आणि पाऊस येतो, त्याला इकडे 'सुमात्रा' म्हणतात. म्हणून दोर दुहेरी बांधले आणि जिथे घासतात तिथे जुन्या अग्निशामक होजचे तुकडे चढवले. पुढचं शीड गुंडाळून न ठेवता उतरवूनच ठेवलं. मागे कुणी नसताना ते वाऱ्याने सुटलं, तर स्वतः फाटतं आणि डोलकाठीलाही हिसडे देतं.

आतलं काम जास्त किचकट. तळाला जिथून समुद्राचं पाणी आत येतं ते व्हॉल्व्ह बंद. त्याआधी संडासाच्या पाइपांतून गोडं पाणी फिरवायचं, नाहीतर आत साचलेलं खारं पाणी कुजतं आणि परत आल्यावर दार उघडवत नाही. बुरशीसाठी सगळीकडे व्हिनेगरचं फडकं, गाद्या उभ्या, कपाटं सताड उघडी, फ्रिज रिकामा. तांदूळ-रवा शेजारच्या बोटीला देऊन टाकला, पोरकिड्यांना पोसायचं कशाला? इकडे विजा फार पडतात, म्हणून हातातला जीपीएस आणि सॅटेलाइट फोन ओव्हनमध्ये. (हसू नका, धातूचं खोकं म्हणून बरेच जण तसंच ठेवतात.) बॅटऱ्या सोलरवर चालू, कारण बोटीत पाणी शिरलं तर उपसणारा पंप त्यावरच चालतो. शिवाय अधूनमधून चढून बघणारा माणूस पैसे देऊन ठेवायचा. महिनोन्महिने जायचं असेल तर मात्र बोट क्रेनने जमिनीवर काढलेली बरी.

आता कपडे. रेशीम बोटीवर टिकत नाही, म्हणून माझी पैठणी वहिनीकडेच असते. ब्लाउज मात्र घातलं तर दंडात अडकलं! दोर ओढून आणि विंच फिरवून हात भरलेत; लग्नाच्या आदल्या रात्री वहिनीने बाहीची टीप उसवली.

जमिनीवर आल्यावर दोन-तीन दिवस पायाखाली हलल्यासारखं वाटतं. मंगलाष्टकांना अक्षता घेऊन उभी होते, तर अख्खा मांडव हेलकावे खात होता. औषध नाही, खांब धरून उभं राहायचं. आणि पंगतीत प्रत्येक काका विचारतोच, "रात्री बोट कुठे थांबवता गं?" भर समुद्रात कुठे थांबवणार! एकाने झोपायचं, दुसऱ्याने तीन-तीन तास पहारा द्यायचा.

तुमच्यापैकी कुणी असं करणार असेल, तर लग्नाची तारीख ठरली की आधी मरिनात जागा धरा, मग विमान बघा. परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा. सत्यनारायणाची पूजा झाल्याशिवाय आमची ताई कुणाला सोडत नाही, तुमचीही सोडणार नाही.