बोरिवलीत आंब्याच्या खोडावर दिसलेला, हातात धरला की कुरकुरणारा लांब मिशांचा किडा झुरळ आहे का?

नाही, तो भुंगेरा आहे, सेरॅम्बिसिडी कुळातला. जगभरात याच्या ३५,००० च्या आसपास जाती आहेत. झुरळाचे पंख एकावर एक चढतात, याचे टणक पंख पाठीवर मधोमध सरळ रेषेत जुळतात. डोळा भिंगातून बघा: मिशीच्या बुडाला वळसा घालणारा, राजम्याच्या दाण्यासारखा खाचलेला. कुरकुर तोंडातून येत नाही, छातीचे भाग एकमेकांवर घासून येते. मानेमागे दोन नारिंगी ठिपके असतील तर तो बॅटोसेरा रूफोमॅक्युलाटा, आंबेवाल्यांचा वैरी भिरूड! खोड पोखरते ती त्याची अळी. भोकाखाली भुसा सांडलेला दिसेल. मात्र नुसत्या मिशांवर जाऊ नका, याच कुळात आखूड मिशांच्या जातीही आहेत.