शेततळ्यातला गाळ: जेसीबी, पोकलेन की मड पंप?

प्रश्न: नमस्कार साहेब. मोहोळ तालुक्यात माझं ३० बाय ३० बाय ३ मीटरचं शेततळं आहे, २०१७ ला ‘मागेल त्याला शेततळे’ या सरकारी योजनेतनं घेतलेलं, तळाला प्लास्टिकचा कागद टाकलेला नाही. वरच्या तीन-चार जणांच्या रानातलं पाणी त्यात येतं. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा आमच्याकडं पण पाऊस थांबेना आणि तेवढ्यात इतका गाळ आला की आता उन्हाळा लागायच्या आधीच तळ दिसायलाय. जेसीबीवाला म्हणतो दोन दिवसांत मोकळं करून देतो, पोकलेनवाला म्हणतो जेसीबी फसंल, आणि आमचे मेव्हणे म्हणतात मड पंप लावा, तळं वाळवायची पण गरज नाही. कुणाचं ऐकू ओ?

उत्तर: तिघंही थोडे थोडे बरोबर आहेत, पण तिघांपैकी एकानंही तुमच्या तळ्यात काठी घालून बघितलेली नाही. आधी ते करा. एक लांब बांबू घ्या, दर अर्ध्या फुटाला रंगाची खूण करा. बांबू हलकेच सोडला की जिथं चिखलाला टेकतो ते एक माप, मग दाबत न्यायचा आणि टणक लागून थांबला की ते दुसरं माप, दोन्हीतला फरक म्हणजे तुमचा गाळ. असं आठ-नऊ ठिकाणी करा. मधली मापं पाणी उतरल्यावर फळी टाकून घ्या, कमरेला दोर बांधून, आणि काठावर माणूस उभा पाहिजेच. पाणी आत येतं त्या तोंडाजवळ गाळ सगळ्यात जास्त निघेल, तिथलं एकच माप धरून अख्ख्या तळ्याचा हिशेब कुणी सांगितला तर ऐकू नका.

आता समजा सरासरी १ मीटर निघाला. तळ्याच्या बाजू १:१ उताराच्या धरल्या तर तळ २४ बाय २४ चा येतो आणि पूर्ण तळ्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर पाणी मावतं. खालच्या १ मीटरातला गाळ झाला ६२५ घनमीटर. आपल्या भाषेत साधारण २२० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). ट्रॉली एक ब्रासची धरली तर २२० खेपा! दोन दिवसांत करतो म्हणणाऱ्याला एवढंच विचारा की दिवसाला ११० खेपा मारायला ट्रॉल्या किती लावणार आणि गाळ टाकणार कुठं. बहुतेक वेळा उत्तर येतं ‘बांधावर लावतो की’. बांधावर अजिबात लावू द्यायचा नाही, पहिल्या वळवात तोच गाळ परत आत येतो, आपण पैसे देऊन त्याला नुसता फिरवून आणलेला असतो.

मेव्हण्यांच्या मड पंपाचं बोलू. पंप गाळ उचलत नाही, पाण्यात घोळलेला गाळ उचलतो, हा फरक लक्षात घ्या. ढोबळमानानं गाळाच्या चार-पाच पट पाणी लागतं, म्हणजे ६२५ घनमीटर गाळाला निदान २५ लाख लिटर, तुमचं तळं काठोकाठ भरलं तरी २२ लाखच होतं. एप्रिल-मे मध्ये सोलापूर जिल्ह्यात एवढं पाणी चिखल घोळवायला कुणाकडं आहे? शिवाय तो पातळ राडा साठवायला शेजारी दुसरं तळंच खोदावं लागेल. धरणात तरंगती ड्रेजर मशीन लावतात ती याच तत्त्वावर चालते, तिथं पाण्याला कमी नसते, आपल्या ३० मीटरच्या तळ्याला तो खेळ परवडत नाही.

राहिले जेसीबी आणि पोकलेन. काळ्या रानातला गाळ वरनं वाळतो, भेगा पडतात, हात आत जाईल एवढ्या, आणि बघणाऱ्याला वाटतं झालं कडक. खाली मात्र लोण्यासारखा असतो. आमच्या चुलत्यांच्या तळ्यात हेच झालं, भेगा बघून जेसीबी आत घातला, मध्यावर गेल्यावर मागची चाकं अशी बसली की ड्रायव्हर हळू हळू खाली चाललेला आम्ही काठावरनं बघत होतो, मग त्याला ओढायला पोकलेन बोलवलं आणि दोघांचं भाडं चुलत्यांच्या डोक्यावर बसलं. काठावर उभं राहून काढू म्हणाल तर जेसीबीचा हात मधोमध पोचत नाही. म्हणून ओलसर गाळाला चेनवालं पोकलेनच बरं, त्याचं वजन रुंद पट्ट्यांवर पसरतं, आणि लाँग बूमचं, म्हणजे लांब हाताचं मिळालं तर बराचसा गाळ काठावरनंच निघतो. पोकलेन ट्रेलरवरनं येतं, ते भाडं वेगळं पडतं, त्यामुळं शिवारातले तीन-चार तळेवाले एकत्र आलात तर प्रत्येकाच्या वाट्याला कमी येईल.

तुम्हाला घाई नसेल तर मी स्वस्तातला रस्ता सांगतो. एप्रिलच्या सुरुवातीला उरलेलं पाणी पिकाला देऊन टाका, सगळ्यात खोल कोपऱ्यात एक खड्डा घ्या, गाळातनं त्या खड्ड्याकडं दोन-तीन चर काढा आणि साचेल ते पाणी रोज उपसा. आपल्याकडच्या उन्हात तीन आठवड्यांत बराच फरक पडतो. मग मध्यावर पहार मारून बघा, फूटभर खालची माती मुठीत दाबली की बोटांतनं बाहेर येते का तुकडे पडतात? तुकडे पडले तर जेसीबी आणि ट्रॅक्टर-ट्रॉली निवांत आत जातात. मात्र हे सगळं मृगाच्या आधी उरकायला पाहिजे. आपल्याकडं मोठा पाऊस सप्टेंबरात पडतो हे खरं, पण मे महिन्यातला एक वळीव तीन आठवड्यांची मेहनत परत चिखल करतो.

आता जिथं सगळ्यात जास्त लोक फसतात ते. तुमच्या तळ्यात कागद नाही, म्हणजे पाणी धरून ठेवतो तो तळाचा चिकट थरच. मशीनवाला तासावर असला की त्याला थांबायची घाई नसते, ‘मालक अजून दोन फूट घेऊ, पाणी वाढंल’ म्हणतो, आणि खालचा मुरूम उघडा पडला की तळं दिवाळीपर्यंत मोकळं. म्हणून बांबूनं जिथं टणक लागलं त्याच्या अर्धा फूट वर थांबायचं, काठावर खुणेचा दांडा रोवून तिथनं माप घेत राहायचं. ठरवताना तासावर न ठरवता ब्रासवर ठरवा, खेपा आपल्या माणसाला मोजायला लावा. बाजू उभ्या कापू देऊ नका, काळी माती उभी राहत नाही, ढासळते. आत उतरायला रॅम्प केला असेल तर तो बुजवताना एकदम माती ओतू नका, वीतभर थर, पाणी, दाब, परत थर. आणि तोंडाशी एक छोटा गाळ-खड्डा घ्या, पाणी आधी त्यात थांबून मग तळ्यात जाऊ दे, तो खड्डा दरवर्षी फावड्यानं निघतो.

प्रश्न: आमचं कागदाचं तळं आहे, बार्शीकडं, द्राक्षासाठी. फूटभर चिखल आणि शेवाळ झालंय. छोटं मशीन आत उतरवलं तर चालेल का?

उत्तर: नाही. लोखंडी फावडं, घमेलं, बूट, काहीच आत नको, मशीन तर सोडाच. मेव्हण्यांचा मड पंप इथं कामाचा आहे, कारण चिखल थोडा आणि पातळ आहे. गुडघ्याएवढं पाणी ठेवा, लांब दांड्याच्या रबरी वायपरनं चिखल पंपाकडं ढकलत न्या, पंपाखाली जुनं टायर ठेवा म्हणजे कागद घासणार नाही. उरलेलं अनवाणी माणसं प्लास्टिकच्या टबांनी काढतील. निघालेलं पाणी पाटानं द्या, ड्रिपमध्ये सोडलंत तर लॅटरल, म्हणजे ड्रिपच्या बारीक नळ्या, धुत बसाल. काम सकाळी लवकर, आणि मोकळा कागद उन्हात आठवडाभर ठेवू नका. भोक सापडलं तर साध्या गमनं चिकटवू नका, कागदाच्या एचडीपीई प्लास्टिकला तो धरत नाही, गरम हवेच्या मशीननं जोड मारणारा माणूस बोलवा.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. कागद ओला झाला की पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही. चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडा, हवा भरलेली ट्यूब ठेवा, आणि काम संपल्यावर ते दोर काढून नेऊ नका.

प्रश्न: निघालेला गाळ डाळिंबाच्या झाडाला टाकला तर? (सांगोला)

उत्तर: बुडात नको. डाळिंबाला निचरा पाहिजे, चिकट गाळाचा थर खोडाशी पाणी धरतो आणि मर रोगाला आयतं आमंत्रण मिळतं. मोकळ्या मुरमाड रानात दोन इंचाचा थर द्या, वरच्या हिशेबातला ६२५ घनमीटर गाळ तीन एकराला पुरतो. त्याआधी एक-दोन किलोचा नमुना माती परीक्षणाला देऊन क्षार आणि सामू (पीएच) बघून घ्या, क्षार जास्त निघाले तर तो गाळ बांधाच्या बाहेरच बरा.