शाळेत आठवी ते दहावीला एमएस ऑफिस शिकवावं की लिबरऑफिस?

लिबरऑफिस, म्हणजे एमएस ऑफिससारखंच काम करणारं मोफत सॉफ्टवेअर. उत्तर एवढंच. पण प्रश्नाखाली तुम्ही जे विचारलंय ना, ‘नोकरीत वर्डच लागतं, मग मुलांचं नुकसान नाही का?’, ते मी स्टाफरूममध्ये सहा वर्षं ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

तालुक्याच्या गावी शाळेत कॉम्प्युटर शिकवायचो. लॅबमध्ये बारा मशीन आणि बाराही मशीनवर एकाच सीडीतून टाकलेलं ऑफिस २०१०. पैसे कोणी भरले, विचारू नका. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी लॅब उघडली तर सात मशीनवर वर्डची वरची पट्टी लालभडक: ‘प्रॉडक्ट ॲक्टिव्हेशन फेल्ड’. दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक येणार. मुख्याध्यापक म्हणाले, “ती पट्टी झाकता येईल का?”

त्या रात्री पेनड्राइव्हवरून बाराही मशीनवर लिबरऑफिस टाकलं. आमचे गणिताचे सर म्हणाले, “फुकटचं शिकलेल्या पोरांना उभं कोण करणार?” सकाळी एका मुलीने विचारलं, “सर, प्रिंट कुठंय?” म्हटलं, फाईलमध्ये बघ. सापडलं, विषय संपला. आणि हेच गणिताचे सर ऑफिस २००७ आलं तेव्हा अर्धा तास प्रिंट शोधत होते, कारण ते कोपऱ्यातल्या त्या गोल बटणाखाली गेलं होतं! कंपनी तीच, वर्डही तेच. बटणांच्या जागा पाठ केल्या की असं होतं. पोरांना हेडिंगची स्टाइल लावून अनुक्रमणिका आपोआप काढायला शिकवा, =SUM (बेरीज) आणि $A$1 (सूत्र कॉपी केलं तरी न बदलणारा सेलचा पत्ता) का लिहायचं ते शिकवा. हे दोन्हीकडे सारखंच आहे. केरळच्या सरकारी शाळांत कितीतरी वर्षं मोफत सॉफ्टवेअरवरच शिकवतात, तिथली पोरं काय बेकार बसलीत?

आता खरं सांगायचं तर रायटरमधलं (लिबरऑफिसचं वर्ड) मेल मर्ज, म्हणजे एकच पत्र प्रत्येकाच्या नावाने काढणं, कटकटीचं आहे, पालकांची पत्रं काढताना मीच वैतागायचो. एक्सेलचे मॅक्रो (कामं आपोआप करून घेणाऱ्या सूचना) कॅल्कमध्ये, म्हणजे लिबरऑफिसच्या एक्सेलमध्ये, सगळे चालतीलच असं नाही. वर्डची डॉकएक्स फाईल उघडली की कधी फॉन्ट बदलतो आणि पान सरकतं, म्हणून बाहेर पाठवायचं ते पीडीएफ करूनच पाठवा. मराठी टाइप करणार असाल तर सेटिंगमध्ये देवनागरीचा फॉन्ट वेगळा ठरवावा लागतो, ते आधीच करून ठेवा. दहावीनंतर कोणाला अकाउंट्सकडे जायचं असेल तर एखाद्या मशीनवर रीतसर विकत घेतलेलं एक्सेल ठेवा.

रीतसर म्हणजे बिलासकट. सरांनाही तेच सांगत होतो.