लघवीच्या तपासणीतून मूत्रपिंडाचा संसर्ग ओळखता येतो का?

प्रश्न : पत्नीला लघवी करताना जळजळ होते. तपासणीत पस सेल्स (पांढऱ्या पेशी) वाढलेल्या असून नायट्राइट (काही जंतूंमुळे लघवीत तयार होणारा पदार्थ) पॉझिटिव्ह आहे. संसर्ग मूत्राशयापुरता आहे की मूत्रपिंडापर्यंत पोहोचला आहे, हे या अहवालावरून कळेल का?
– एक वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)

उत्तर : केवळ या अहवालावरून नाही. लघवी मूत्रपिंडातून मूत्राशयात येत असल्याने पस सेल्स आणि नायट्राइट दोन्ही ठिकाणच्या संसर्गात आढळतात. कल्चरमधूनही (लघवीतील जंतू प्रयोगशाळेत वाढवून केलेल्या तपासणीतूनही) जंतू कोणता आणि त्यावर कोणते औषध चालेल हे कळते, जागा कळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशींचे ‘कास्ट’ (नळीच्या आकाराचे पुंजके) दिसले, तर मात्र रोख मूत्रपिंडाकडे जातो, कारण ते तेथील सूक्ष्म नलिकांमध्येच तयार होतात. ते न दिसल्याने मूत्रपिंड सुरक्षित ठरत नाही. जंतूंवरील प्रतिपिंडांचे (शरीराने जंतूंविरुद्ध तयार केलेल्या प्रथिनांचे) आवरण शोधून जागा ठरवण्याची पद्धत १९७०च्या दशकात मांडली गेली, पण ती पुरेशी भरवशाची ठरली नाही.

म्हणून निदान मुख्यतः लक्षणांवरून होते. नुसती जळजळ आणि वारंवार लघवीला जाणे हे मूत्राशयाकडे, तर थंडी वाजून ताप, बरगड्यांखाली पाठीत एका बाजूला दुखणे आणि उलट्या हे मूत्रपिंडाकडे निर्देश करतात. हा भेद उपचारासाठी महत्त्वाचा आहे, कारण मूत्राशयासाठी सर्रास दिले जाणारे नायट्रोफ्युरँटॉइन हे प्रतिजैविक मूत्रपिंडाच्या ऊतींमध्ये पुरेसे पोहोचत नाही. घरातली जुनी पट्टी काढून गोळ्या घेऊ नयेत.

कल्चरसाठी मधल्या धारेचा (सुरुवातीची थोडी लघवी सोडून नंतरचा) नमुना, शक्यतो प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वी, द्यावा. ताप किंवा उलट्या असल्यास, अथवा त्या गरोदर असल्यास, अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.