किड्यांचे जवळून काढलेले फोटो धूसर येतात. मॅक्रो लेन्स घ्यायलाच हवी का?

तुमच्याकडे डीएसएलआर आणि १८-५५ मिमीची, कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स आहे, जवळून काढलेले किडे धूसर येतात आणि मॅक्रो लेन्ससाठी (अगदी जवळून मोठे फोटो काढायची लेन्स) पैसे साठवावेत का, असं तुम्ही विचारलंय. माझं ठाम मत आहे की लेन्स नंतर घ्या, आधी फ्लॅश घ्या.

किडा सेन्सरवर (कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग) त्याच्या खऱ्या आकाराएवढा उमटतो तेव्हा त्याला १:१ म्हणतात. इतक्या जवळून अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र, एफ/११ इतकं बारीक (आकडा मोठा तितकं छिद्र लहान) ठेवलं तरी जेमतेम एक-सव्वा मिलिमीटरचा पट्टाच स्पष्ट येतो. ढालकिड्याचे डोळे फोकसमध्ये आले की पाठ धूसर. अ‍ॅपर्चर आणखी बारीक करावं म्हटलं, तर १:१ ला एफ/११ चा परिणाम मुळातच एफ/२२ सारखा झालेला असतो, म्हणजे सेन्सरवर एक चतुर्थांशच प्रकाश पोचतो. त्यापुढे गेलात की डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) सगळी बारकाई विरघळायला लागते. उजेड कमी म्हणून शटर मंद, त्यात वाऱ्याने हलणारं पान आणि आपले हात. तुमच्या धूसर फोटोंचं मूळ बहुतेक इथेच आहे.

फ्लॅश लावला की गणित बदलतं. मॅन्युअल मोड, एफ/११, शटर १/२०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० किंवा २००. या सेटिंगवर आजूबाजूचा उजेड जवळपास नोंदलाच जात नाही. फोटो उमटतो तो फ्लॅश पेटलेला असतो तेवढ्या क्षणात. कमी पॉवरवर हा क्षण सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतका छोटा असू शकतो, त्यामुळे हाताचा कंपही दिसत नाही. पार्श्वभूमी मात्र काळी पडते. मला ते आवडत नाही, म्हणून मागे जवळच एखादं पान येईल असा कोन शोधतो.

उघडा फ्लॅश मात्र मारू नका. भुंगेऱ्याच्या चकचकीत पाठीवर पांढरा डाग पडतो आणि रंग जातो. प्रकाशाचा स्रोत किड्याच्या मानाने जितका मोठा आणि जितका जवळ, तितका उजेड मऊ. साधा पांढरा कागद किंवा पातळ फोमचा तुकडा वाकवून फ्लॅशपासून लेन्सच्या टोकापर्यंत आणला तरी चालतो. हा प्रकाश पसरवणारा डिफ्यूझर बनवण्यात हवा तेवढा वेळ घालवा. माझ्या फोटोंमध्ये सगळ्यात मोठा फरक त्यानेच पडला, लेन्स बदलल्याने इतका पडला नव्हता.

लेन्सऐवजी सध्या एक्स्टेन्शन ट्यूब पुरेल. तिच्यात काच नसते, ती फक्त लेन्स पुढे सरकवते. ट्यूबच्या लांबीला फोकल लेंग्थने (लेन्सवरचा मिमीचा आकडा) भागलं की वाढणारं मॅग्निफिकेशन (सेन्सरवर किडा किती मोठा उमटतो) कळतं: ५० मिमीला २५ मिमीची ट्यूब लावली तर निम्म्या आकाराची भर पडते. तुमची किट लेन्स ५५ वर ठेवून वापरा. इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट असलेलीच ट्यूब घ्या, नाहीतर अ‍ॅपर्चर कॅमेऱ्यातून बदलता येणार नाही. पुढे मॅक्रो लेन्स घ्याल तेव्हा ९० ते १०५ मिमीमधली बघा. ५०-६० मिमीच्या लेन्सला १:१ साठी इतकं जवळ जावं लागतं की फुलपाखरू उडून जातं.

ऑटोफोकस बंद करा. फोकस रिंग ठरवून ठेवा आणि स्वतः किंचित पुढे-मागे होत डोळा स्पष्ट दिसला की बटण दाबा. काडीवरचा किडा असेल तर डाव्या हाताने काडी हलकेच धरा आणि त्याच हातावर लेन्स टेकवा. मग दोघं एकत्रच हलता.

बाकीचं किड्याकडून शिकायचं. पहाटे गारव्यात त्यांचं अंग तापलेलं नसतं, दवाने भिजलेला चतुर अगदी जवळ जाऊ देतो. ऊन चढल्यावर तो उडालाच तर पाठलाग करू नका. बऱ्याचदा तो त्याच काडीवर परत येतो, तिथेच थांबा. किड्यांच्या संयुक्त (अनेक बारीक भिंगांच्या) डोळ्यांना हालचाल चटकन कळते, म्हणून हळू सरका आणि आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका. सराव करायला उड्या मारणारे कोळी फार छान. समोरचे दोन मोठे डोळे रोखून ते स्वतःच लेन्सकडे वळून बघतात.

काही जण किडा फ्रीजमध्ये ठेवून सुस्त करतात किंवा चिकटवतात. हे कृपया करू नका. पानावर मावा आणि त्याच्याभोवती गोड रस टिपणाऱ्या मुंग्या असा फोटो जिवंत जागीच मिळतो. आणि प्रत्येक किड्याचे डोळ्यांच्या क्लोजअपसोबत वरून, बाजूने आणि तो ज्या झाडावर होता त्या पानाचे असे साधे फोटोही घ्या. आयनॅचरलिस्टवर (सजीवांच्या नोंदी टाकायचं संकेतस्थळ) टाकलेत तर ओळख पटवायला जाणकारांना तेच लागतात.