‘चिरनिद्रा’ की ‘आशेने निजली’?

प्रश्न असा आला आहे: मैत्रिणीची सहा वर्षांची मुलगी गेली. कुटुंब मराठी ख्रिस्ती आहे. कबरीच्या शिळेवरचा मजकूर मी लिहून द्यायचा आहे. मी ‘येथे चिरनिद्रा घेत आहे’ असं लिहिलं, पण मैत्रिणीच्या सासूबाई ‘पुनरुत्थानाच्या आशेने निजली आहे’ हवं म्हणतात. ‘आशा’ इथे दुबळी वाटत नाही का? ‘खात्रीने’ म्हणावं का? आणि ‘निजली’ फारच घरगुती होतं ना?

सासूबाईंचं ऐका. भाषेच्या दृष्टीनेही त्यांचंच बरोबर आहे.

आधी ‘चिर’चं बघू. चिर म्हणजे दीर्घ, कायमची; चिरनिद्रा म्हणजे न मोडणारी झोप. वर्तमानपत्रं हा शब्द सगळ्यांना सरसकट लावतात, पण ख्रिस्ती श्रद्धेचा भर नेमका झोप मोडण्यावर आहे. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या ग्रीकमध्ये लिहिलेल्या उत्तरभागात, मेलेल्यांसाठी ‘झोपी गेलेले’ असं येतं, तिथलं ग्रीक क्रियापद ‘कोइमाओमाइ’ रोजच्या झोपेसाठीही वापरतात. त्यावरूनच ‘कोइमेतेरिओन’, म्हणजे निजायची जागा. इंग्रजीतून आपल्याकडे आलेला ‘सेमेटरी’ हा त्याचाच वंशज. तेव्हा ‘निजली’ म्हणजे मरणाला गोड नाव देणं नव्हे. निजलेल्याला उठवणारा कोणी आहे, असं त्यात म्हणायचं असतं.

घरगुतीपणाची भीती तर बाळगूच नका. मार्काच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या वृत्तांतात, याईराची 12 वर्षांची मुलगी मेल्यावर येशू तिचा हात धरून म्हणतो, ‘तलीथा कूम’. अख्खा ग्रंथ ग्रीकमध्ये, पण हे दोन शब्द मूळ अरामीतच ठेवले आहेत. अर्थ एवढाच: पोरी, ऊठ. सकाळी आई पांघरूण ओढताना म्हणेल तसं. ‘निद्रिस्त’ शब्द भारदस्त आहे खरा, पण निद्रिस्त मुलाला कोणी थोपटत नाही. मूल निजतं.

आता ‘आशा’. आपली अडचण खरी आहे. मराठीत आशा वेडी असते, खोटी असते, माणसाला आशेला लावतात, आणि आशाळभूत म्हटलं की शिवीच होते. संतांच्या वाणीतही ती बहुधा तृष्णेच्या जोडीनेच येते. बायबलच्या भाषांतरकारांना मात्र हाच शब्द घ्यावा लागला, आणि त्यामुळे ख्रिस्ती मराठीत त्याला वेगळं वजन आलं. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर ‘जिवंत आशा’ असा शब्दप्रयोगच आहे. त्यातलं वजन जुन्या कराराच्या मूळ हिब्रूत चांगलं दिसतं. ‘तिक्वा’ म्हणजे आशा; पण यहोशवाच्या पुस्तकात राहाब नावाची बाई आपलं घर वाचावं म्हणून खिडकीला किरमिजी दोर बांधते, त्या दोरालाही ‘तिक्वा’च म्हटलं आहे. मनातली इच्छा कमी, हाताला लागणारा दोर जास्त.

हीच ‘तिक्वा’ मूल गमावलेल्या आईच्या संदर्भात येते, म्हणून इथे जरा रेंगाळतो. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 31व्या अध्यायात इस्राएली लोकांची पूर्वज आई राहेल आपल्या मुलांसाठी रडते आणि सांत्वन घ्यायला नकार देते. दोनच ओव्यांनंतर तिला सांगितलं जातं की तुझ्या पुढच्या काळाला आशा आहे, मुलं परत येतील. मत्तय आपल्या शुभवर्तमानात बेथलेहेमच्या बालहत्येपाशी, म्हणजे हेरोद राजा तिथली लहान मुलं मारवतो तिथे, हा उतारा घेतो, तेव्हा रडण्याची ओळ घेतो आणि थांबतो. आशेची ओळ तो तिथे लगेच चिकटवत नाही. मला यात फार मोठी समज दिसते. भेटायला येणारे पहिल्याच दिवशी ‘देवाला आवडली’ म्हणून मोकळे होतात. त्यातून आईला एवढंच ऐकू येतं की देवाने आपल्याकडून हिसकावून घेतलं. मेलेल्या मित्राला, लाजरला उठवायला निघालेला येशूही आधी रडला. प्रेषित पौल थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहितो, तेही ‘शोक करू नका’ एवढंच नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका, असं आहे. शोकाला मनाई नाही.

‘खात्रीने’ मी लिहिणार नाही. खात्री आपण हिशेबाची करतो, मालाची करतो. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातल्या दफनविधीतही आशा हा शब्द बदललेला नाही, त्याच्याआधी ‘पक्की आणि निश्चित’ अशी विशेषणं लावली आहेत. शिळेवर जागा असेल तर ‘पुनरुत्थानाच्या निश्चित आशेने’ असं करता येईल. नसेल तर सासूबाईंची ओळ जशीच्या तशी ठेवा. ‘चिर’ काढा, आणि नावाआधी ‘कै.’ही नको, ते कैलासवासी आहे.

एक मात्र मैत्रिणीला विचारून घ्या, सासूबाईंना नव्हे. शिळेवर मुलीचं शाळेतलं नाव हवं, की घरात हाक मारायचं?