आधी अक्षर, मग रंग

तुम्ही फोंडा तालुक्यातल्या देवळांच्या दीपस्तंभांवर साइट करताय, पण मंगेशीचं पान एका तऱ्हेचं दिसतं आणि कवळ्याचं दुसऱ्याच. तर सीएसएस, म्हणजे पानाचं रूप ठरवणारी भाषा, मुळापासून शिकावी की बूटस्ट्रॅप, म्हणजे तयार सीएसएसचा संच, सरळ घ्यावा, असा तुमचा प्रश्न आहे. माझं मत स्पष्ट आहे: मुळापासून शिका. आठ-दहा पानांच्या साइटला बूटस्ट्रॅपची गरज नाही, आणि त्यातलं काही बदलायची वेळ आली की सीएसएस यावंच लागतं.

तुमच्या वर्णनावरून दिसतं की प्रत्येक पानात स्टाइल वेगळी लिहिली आहे. आधी ती सगळी काढा. एकच सीएसएस फाइल करा आणि प्रत्येक पानाच्या हेडमध्ये तिची लिंक द्या. १९९४ साली होकोन विउम ली यांनी सीएसएसची कल्पना मांडली, तेव्हापासून तिचा गाभा हाच आहे: मजकूर एका जागी, त्याचं रूप दुसऱ्या जागी.

आता त्या फाइलमध्ये काय लिहायचं? बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात. तुम्ही अक्षरापासून करा. तुमची साइट वाचायची आहे आणि ती देवनागरीत आहे. इंग्रजी धड्यांतले आकडे इथे जसेच्या तसे चालत नाहीत. आपल्या ओळीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरं. म्हणून लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, १.४ ठेवली तर ओळी एकमेकींना घासतात. १.७ च्या आसपास ठेवा, आणि आकड्यापुढे पिक्सेल वगैरे एकक लावू नका. एकक नसलं की मोठ्या मथळ्याला त्याच्या आकाराच्या हिशेबात अंतर मिळतं. एकक लावलं की परिच्छेदासाठी ठरलेलं अंतरच मथळ्यालाही लागतं आणि दोन ओळींचा मथळा चेपतो.

लेटर-स्पेसिंगला, म्हणजे अक्षरांमधल्या अंतराला, तर हातच लावू नका. इंग्रजी मथळ्याला ते शोभतं, आपली शिरोरेघ त्याने तुटते. मला हे बघवत नाही, आणि चांगल्या चांगल्या मराठी साइटवर ते दिसतं.

फॉन्ट दोन पुरेत. मजकुराला मुक्ता घ्या, त्यात बारीकपासून ठळकपर्यंत बरीच वजनं आहेत. मथळ्यांना तिरो देवनागरी मराठी फार देखणा दिसतो, पण त्यात ठळक वजन नाही. ब्राउझर मथळे आपणहून ठळक करतो, म्हणजे अक्षर कृत्रिमपणे जाड करून दाखवतो. तेव्हा मथळ्यांना फॉन्ट-वेट ४०० असं स्पष्ट लिहा. शिवाय एचटीएमएल टॅगला लँग ही खूण देऊन भाषा मराठी असल्याचं सांगा. ज्या फॉन्टात आपल्या वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, तिथे ते त्यामुळे उमटतात.

मग व्हेरिएबल. फाइलच्या सुरुवातीला रूटमध्ये, म्हणजे सगळ्या पानाला लागू होणाऱ्या नियमात, तुमचे रंग, अंतरं, आकार एकदाच लिहायचे आणि पुढे फक्त त्यांची नावं वापरायची. ही नावं देवनागरीत चालतात, दोन आडव्या रेघा देऊन ‘चिरा-रंग’, ‘मोठं-अंतर’ असं खुशाल लिहा. चिऱ्याचा तांबडा, चुन्याचा पांढरा आणि मजकुराला जवळपास काळा, एवढे तीन रंग तुमच्या विषयाला पुरतात. फक्त मजकूर आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, निदान ४.५ : १ असू द्या. अंतरंही चारच ठेवा, रेममध्ये, म्हणजे पानाच्या मूळ अक्षर-आकाराच्या पटीत: ०.५, १, २, ४. पाचवं लागतंय असं वाटलं तर आधी या चारांतलं एखादं बसतं का बघा. पानं वेगळी दिसण्याचं खरं कारण सहसा रंग नसतो. इथे १८ पिक्सेल, तिथे २२, अशी अंदाजाने टाकलेली अंतरं असतात.

बटणाचा आणि शोधचौकटीचा फॉन्ट वेगळा येतो, त्याचं कारण फॉर्मचे घटक पानाचा फॉन्ट आपणहून घेत नाहीत. त्यांना फॉन्ट इनहेरिट लिहा, काम झालं.

फोटोंचं थोडं जपून. सगळे एका मापाचे दिसावेत म्हणून लोक ऑब्जेक्ट-फिट कव्हर लावतात, म्हणजे फोटो चौकट भरतो आणि बाहेरचा भाग कापला जातो. मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ आडव्या चौकटीत कव्हर केलात तर कळस जाईल नाहीतर पाया. तुमच्या यादीसाठी उभी चौकट घ्या, ॲस्पेक्ट-रेशो ३/४, आणि फोटोत वरखाली मोकळी जागा नसेल तिथे कव्हरऐवजी कंटेन, म्हणजे फोटो न कापता पूर्ण मावतो.

शिकायला एमडीएन ही वेब तंत्रांची माहिती देणारी साइट बघा, फुकट आहे. आधी कॅस्केड आणि स्पेसिफिसिटी (दोन नियमांतला कोणता जिंकतो) आणि बॉक्स मॉडेल (घटकाची जागा कशी मोजतात), नंतर फ्लेक्स आणि ग्रिड (घटकांची मांडणी). ॲनिमेशन आत्ता सोडून द्या. एखादा नियम लागू होत नसेल तर इम्पॉर्टंट, म्हणजे नियम जबरदस्तीने वरचढ करणारी खूण, ठोकून मोकळे होऊ नका. राइट-क्लिक करून इन्स्पेक्ट उघडा. तुमच्या नियमावर काट मारलेली दिसेल आणि त्याला हरवणारा नियम त्याच यादीत वर असेल. हे वाचायला शिकलात की निम्मे प्रश्न तुमचे तुम्हीच सोडवाल.

सुरुवात कवळ्याच्या पानापासून करा, कारण मजकूर तिथेच सगळ्यात जास्त आहे असं तुम्ही लिहिलंय. ते फोनवर नीट वाचता आलं की तीच फाइल मंगेशीच्या पानाला जोडा, आणि तिथे काय बिघडतं ते इथे लिहा.